दुकानातून ताटापर्यंत: चिकन-मटण आणि औषधाला न जुमानणारे जंतू

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीच्या टेबलावर बसते, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी हळूच विचारतंच, "काय गं, चिकनमध्ये म्हणे अँटिबायोटिकं असतात. खावं की सोडावं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. खुशाल खा. पण तिकडे रस्सा उकळत होता तेव्हा इकडे कांदा-लिंबू कशावर चिरलंत, ते आधी सांगा.

समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याला भीती असते रश्श्याची. खरी काळजी घ्यायची ती ओट्याची. का, ते नीट समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप लक्षात राहतात, म्हणून थोडं मागून सुरू करते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

बातम्यांमध्ये "चिकनमध्ये अँटिबायोटिक" आणि "चिकनमध्ये सुपरबग" हे दोन्ही एकाच दमात येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट औषधाचा अंश. कोंबडीला औषध दिलं, ते शरीरातून पुरतं निघून जायच्या आतच ती कापली, तर मांसात, आणि त्याहून जास्त कलेजी-गुर्द्यात, ते थोडंफार शिल्लक राहतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांत असा अंश सापडला होता. हा अंश शिजवून पूर्णपणे जाईल याचा भरवसा नसतो. काही औषधं उष्णतेने मोडतात, काही जवळजवळ तशीच राहतात.

दुसरी गोष्ट जंतू. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि कापताना, पिसं काढताना मांसावर येतात. त्यातले काही अँटिबायोटिकला दाद न देणारे असतात. पण उष्णतेला मात्र ते इतर जंतूंसारखेच मरतात. औषध पचवायला शिकलेला जंतू उकळतं पाणी पचवायला शिकलेला नसतो. म्हणजे नीट शिजलेल्या रश्श्यात ते जिवंत नसतात. ते जिवंत असतात विळीवर, नळाच्या तोटीवर, ओटा पुसायच्या फडक्यावर आणि त्याच विळीवर चिरलेल्या कांद्यात.

"दाद न देणारे" म्हणजे काय, हे मला रोज डोळ्यांनी दिसतं. लघवीच्या नमुन्यातला जंतू आम्ही एका गोल, चपट्या बशीतल्या जेलीवर पसरतो. जेलीचा रंग दह्याच्या निवळीसारखा फिकट पिवळसर. तिच्यावर पंचिंग मशीनमधून पडतात तेवढ्या कागदी टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत एकेक अँटिबायोटिक मुरवलेलं असतं. बशी रात्रभर साधारण ३५ अंशांवर ठेवली की सकाळपर्यंत जंतूंची दुधट साय धरते. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसतं, ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. जे लागू पडत नाही तिथे साय टिकलीला खेटून उगवते. रिपोर्टवर त्या औषधापुढे "आर" लागतो, आर म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा. काही बशा अशा असतात की दोन-तीनच रिंगणं दिसतात, आणि ती सगळी सलाईनमधून द्यायच्या महागड्या इंजेक्शनांची असतात. पेशंट असते घरात हिंडती-फिरती, कधी दवाखान्यात ॲडमिट न झालेली बाई.

तिच्यापर्यंत तो जंतू आला कुठून? एका बाईपुरतं हे कधीच सिद्ध करता येत नाही. वाटा मात्र माहीत आहेत. पोटात गेलेला असा ई. कोलाय लगेच त्रास देईलच असं नाही. तो आतड्यात गुपचूप राहतो, आपल्याकडची प्रतिकाराची जनुकं शेजारच्या जंतूंना देऊ शकतो, आणि काही महिन्यांनी लघवीच्या मार्गात शिरला की मग कळतं. सगळा दोष कोंबडीवर टाकणं अन्यायाचं होईल. माणसांनी सर्दी-खोकल्याला खाल्लेली अँटिबायोटिकं, गटाराचं पाणी, हॉस्पिटलं, सगळ्यांचा वाटा आहे. पण ओट्याची वाट आपल्या हातातली आहे.

पोल्ट्रीत औषध जातं ते का

हजारो पक्षी एका शेडमध्ये, साधारण पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंपर्यंत आणायचे. मर लागली तर सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून आजार नसतानाच, खाद्यातून किंवा पाण्यातून थोडं-थोडं औषध देण्याची पद्धत जगभर पडली. थोड्या मात्रेने वजनही जरा लवकर वाढतं, हेही लक्षात आलं होतं. अडचण अशी की कमी मात्रेत दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. औषध देऊन आपणच चिवटांची पैदास करतो. (हॉर्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबडी फुगवतात ही मात्र अफवा. हजारो पक्ष्यांना एकेक इंजेक्शन टोचत बसणं कुणालाच परवडणार नाही. वाढ आहे ती जातीची आणि खाद्याची.)

कोलिस्टिनचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. बाकी काहीच चालेनासं झालं की आयसीयूत हे औषध काढतात. तेच कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात सर्रास जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ नावाचं जनुक जाहीर केलं. ते कोलिस्टिनला निष्प्रभ करतं, आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. डुकरांत, दुकानातल्या मांसात आणि पेशंटमध्ये, तिन्ही ठिकाणी ते मिळालं होतं. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता कोलिस्टिनवर बंदी घातली. युरोपने तर वाढीसाठी अँटिबायोटिक देणं २००६ च्या १ जानेवारीपासून बंद केलं होतं. आपल्या एफएसएसएआयनेही, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, मांस, दूध, अंडी, मासे यांच्यातल्या अंशांचे नियम १ एप्रिल २०२५ पासून आणखी कडक केले. कागदावर नियम चांगले आहेत. गल्लीतल्या पिंजऱ्यातली कोंबडी तपासायला रोज कुणी येत नाही, हेही तितकंच खरं.

आता कामाचं.

पायरी १: खरेदी

बाजारहाट करताना चिकन सगळ्यांत शेवटी घ्या. आधी घेतलं तर ती काळी पिशवी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीवर जाऊन बसते आणि खालून लाल पाणी झिरपतं. चिकनची पिशवी वेगळी, तीही आणखी एका पिशवीत घालून.

दुकान निवडताना वासापेक्षा हालचालींकडे बघा. ज्या हाताने पैसे घेतो त्याच हाताने तुकडे करतो का? ओंडका धुतो की नुसताच सत्तूरच्या पात्याने खरवडतो? पिसं काढायच्या ड्रममधून एकामागून एक पक्षी जातात आणि एकाची घाण दुसऱ्याला लागते, हे तर जवळजवळ सगळीकडे आहे. त्याचा फार बाऊ करू नका, पण म्हणूनच "समोर कापलेलं ताजं" म्हणजे "जंतू नसलेलं" असं समजू नका. कातडी काढून घेतलीत तर वरवरचा बराच भार कमी होतो, सगळा नाही.

खिम्याची गोष्ट वेगळी. अख्ख्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात. खिमा केला की बाहेरचं आत मिसळतं. शक्यतो तुकडा निवडून समोर खिमा करून घ्या आणि त्याच दिवशी शिजवा.

पाकीटबंद घेत असाल तर तीन गोष्टी बघा: एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि ज्या फ्रीजमधून उचलता तो खरोखर गार आहे का. दुकानातला फ्रीज रात्री बंद करून सकाळी चालू केलेला असेल तर पाकिटात तळाशी गोठलेलं पाणी साचलेलं दिसतं. ते पाकीट ठेवून द्या. "अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री" लिहिलेलं असेल तर अर्थ एवढाच, की मांसात औषधाचा अंश मर्यादेच्या आत आहे. पक्ष्याला औषध कधी दिलंच नाही, असा दावा त्यात नाही. तसा दावा असेल तर तो वेगळ्या शब्दांत असतो, "अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं" असा. आणि यातला कोणताही शिक्का जंतूंविषयी काहीच सांगत नाही.

गावठी कोंबडी म्हणजे शुद्ध, हा आपला लाडका समज. परसात चरणाऱ्या कोंबडीला रोजच्या खाद्यातून औषध जात नाही, हे बहुतेक वेळा बरोबर. पण ती उकिरड्यावर आणि गटाराकाठीही चरते. शिवाय बाजारात "गावरान" म्हणून विकली जाणारी प्रत्येक कोंबडी परसातली नसते, तिचेही शेड असतात. चवीसाठी जरूर घ्या. ओट्यावर मात्र तिला ब्रॉयलरसारखंच वागवा. मटणाचंही तेच. बोकड बहुतेक चरून वाढतात, त्यामुळे खाद्यातल्या औषधाचा प्रश्न कमी, कापताना लागणाऱ्या जंतूंचा तेवढाच.

पायरी २: घर ते फ्रीज

५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो. सोयीचं तापमान मिळालं की यातले काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. वहीवर मांडून बघा: सात तासांत २१ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे वीस लाखांवर. म्हणून नियम दोन तासांचा. दुकानदाराने कापल्यापासून दोन तासांच्या आत ते एकतर गॅसवर नाहीतर फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात, किंवा पारा ३२ च्या वर असेल तेव्हा कुठेही, एकच तास धरा. स्कूटरच्या डिकीत पिशवी ठेवून वाटेत मैत्रिणीकडे चहाला थांबायचं नाही.

फ्रीजमध्ये कच्चं मांस घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यात. वर ठेवलं की त्याचं पाणी खालच्या दह्यात. चिकन एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर फ्रीझरमध्ये टाका. फ्रीझरने जंतू थांबतात, मरत नाहीत, म्हणून वितळवायचं तेही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आदल्या रात्री काढून. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये, आणि मग लगेच शिजवा. सकाळी ओट्यावर काढून ठेवून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळी फोडणी द्यायची, ही पद्धत बंद.

पायरी ३: धुवायचं की नाही

इथे भांडण होतं.

परदेशातल्या अन्नसुरक्षा खात्यांचा सल्ला एका ओळीचा आहे: कच्चं चिकन धुऊ नका, शिंतोडे उडतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये यावरचा एक प्रयोग जाहीर केला. चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये जंतू मिळाले आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडमध्ये पोचले. पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी चिकन धुतलंच नाही त्यांच्यापैकी ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्येही जंतू पोचलेच. मुख्यतः हात नीट न धुतल्यामुळे.

आपल्याकडे न धुता चिकन शिजवा म्हटलं तर आई मला घरातून बाहेर काढेल. आणि तिचंही बरोबर आहे. तिकडचं चिकन कारखान्यात साफ होऊन येतं, आपल्या पिशवीत पिसाचा तुकडा, रक्ताची गाठ, हाडाचा चुरा असतो. तेव्हा धुवायचंच असेल तर असं धुवा.

सिंकमधली आणि आजूबाजूची सगळी भांडी, विशेषतः निथळत ठेवलेली स्वच्छ भांडी, आधी हलवा. मोठ्या पातेल्यात पाणी भरून त्यात चिकन सोडा, म्हणजे नळाची धार थेट मांसावर पडणार नाही. पाण्यातच हलक्या हाताने साफ करा. पाणी भस्सकन ओतू नका, सिंकच्या जाळीजवळ पातेलं टेकवून सावकाश सोडा. नंतर सिंक, तोटी आणि भोवतालचा ओटा साबणाने धुवा. हळद-मीठ चोळल्याने, व्हिनेगर किंवा लिंबाने उग्र वास जातो, बुळबुळीतपणा जातो. जंतू जात नाहीत. कुणी पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सुचवेल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

घरी कामाला मावशी येत असतील तर हे त्यांनाही सांगा, आणि का ते सांगून सांगा. नाहीतर तुम्ही सगळं काटेकोर कराल आणि चिकनचं पातेलं घासलेल्या घासणीनेच सकाळचे दुधाचे पेले घासले जातील.

पायरी ४: ओटा

सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कच्चं खायचं ते आधी चिरा.

कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू, वरून भुरभुरायची कोथिंबीर, सगळं आधी चिरून, झाकून, बाजूला. मगच चिकनच्या डब्याचं झाकण उघडा. दोन पाट, दोन सुऱ्या घ्या असं सगळे सांगतात, आणि घ्याच. पण घाईत कुठला पाट कशाचा हे विसरायला होतं. क्रम बदलला की विसरायला जागाच राहत नाही. विळी असेल तर जास्तच, कारण विळीचं पातं पाटाला जिथे बसवलेलं असतं त्या खाचेत मांसाचे बारीक कण अडकतात आणि वरवर घासून निघत नाहीत.

एकदा मी आमच्याच घरात उभी राहून बघत होते, मॅरिनेट करताना हात कुठे-कुठे लागतो. दही-आलं-लसूण चोळलेल्या हाताने मिसळणाचा डबा उघडला. चमचा उचलला, तिखट घातलं. मग हळद. मीठ कमी वाटलं म्हणून मिठाच्या बरणीत बोटं. फोन वाजला, करंगळीने स्पीकर लावला. मग नळ, मग फ्रीजचं हँडल. पाच मिनिटांत सहा ठिकाणं, आणि शेवटी हात धुतले ते मात्र अगदी निगुतीने! मिसळणाच्या डब्यातला तो चमचा दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीच्या फोडणीला वापरला गेला असणारच.

उपाय साधा आहे. चिकनला हात लावायच्या आधी लागणारे सगळे मसाले, मीठ, तेल वाटीत काढून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. काम झालं की साबणाने २० सेकंद हात धुवा, नखांच्या कडा आणि अंगठ्याची मागची बाजू धरून. नळ कोपराने उघडता येत नसेल तर हात धुताना तोटीलाही साबण लावा.

पाट-विळी-सुरी गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात वाळवा. लाकडी पाटाला खोल चरे पडले असतील तर तो भाजीलाही नको, मांसालाही नको. अधूनमधून चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधं घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) घालून त्यात पाट बुडवा आणि नंतर धुऊन घ्या. टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगरशी ते कधी मिसळू नका, विषारी वायू होतो. ओट्याचं फडकं त्या दिवशी उकळत्या पाण्यात. आठवडाभर तेच ओलं फडकं म्हणजे जंतूंना पाळणाघर.

पायरी ५: शिजवणं

रस्सा असेल तर इथे फार सांगण्यासारखं नाही. तांबडा असो, पांढरा असो की सावजी, खदखदून उकळलेल्या रश्श्यात जंतू टिकत नाहीत. कुकरमध्ये तर शिट्टीच्या दाबाला १२० अंशांच्या आसपास तापमान जातं.

लक्ष द्यायचं ते कमी पाण्याच्या आणि घाईच्या पदार्थांकडे. गच्चीवरचं बार्बेक्यू. वरून करपलेली, आतून कच्ची तंगडी. थेट फ्रीजमधून कढईत गेलेला जाड पीस. खिम्याचे कबाब. आणि कलेजी, जी "जास्त शिजवली की कडक होते" म्हणून दोन मिनिटांत उतरवतात. कॅम्पिलोबॅक्टर कलेजीच्या आतही असू शकतो, त्यामुळे ती आतून गुलाबी ठेवायची नाही.

रंगावरून मात्र अंदाज फसतो. हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही लालसर दिसू शकतं आणि कधी पांढरं दिसूनही कच्चं असतं. खात्रीचं एकच, थर्मामीटर. टोचायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. सगळ्यांत जाड भागात, हाडाला न टेकवता टोचा. ७४ अंश दिसले की झालं.

मॅरिनेशनचं उरलेलं दही वरून ब्रशने लावायचं असेल तर आधी उकळून घ्या. कच्चा तुकडा उचललेला चिमटा शिजलेल्याला नको. अंडी पूर्ण घट्ट करा. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभरासाठी बंदी घातली होती, घरी करायचंच तर बिनअंड्याचं करा.

पायरी ६: उरलेलं

देवकार्याला मोठ्या पातेल्यात मटण होतं, पंगती उठतात, पातेलं रात्रभर चुलीजवळच राहतं. सकाळी ते गरम करून शेजारीपाजारी वाटलं जातं. यातला धोका वेगळ्या जंतूंचा आहे. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहिलं की उगवतात. बिर्याणीच्या भातात बॅसिलस सिरियस तसाच, आणि त्याचं एक विष तर पुन्हा गरम करूनही मोडत नाही.

तेव्हा जेवणं झाली की उरलेलं पसरट, उथळ भांड्यांत वाटून घ्या, लवकर निवतं. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. खाताना लागेल तेवढंच काढून वाफा येईपर्यंत गरम करा.

औषधाच्या अंशाचं काय करायचं

घरात करण्यासारखं थोडंच आहे. कलेजी-गुर्दे रोजच्या रोज नकोत, लहान मुलांना तर नाहीच. ज्याच्याकडून घेता त्याला विचारत राहा की माल कुठल्या फार्मचा आहे. चार गिऱ्हाइकं विचारायला लागली की पाचव्याला तो स्वतःहून सांगतो. निर्यातीच्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचा अंश मिळाला की युरोप माल परत पाठवतो, म्हणून तिथे तपासणी होते. विचारणारा गिऱ्हाईक हीच सगळ्यांत जुनी तपासणी.

दुधात मात्र एक घरगुती खूण मिळते. गाईला कासदाह झाला, कासेत अँटिबायोटिक सोडलं आणि ठरलेले दिवस न थांबता दूध घातलं, तर त्या दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूही मरतात. विरजण चांगलं, ऊन चांगलं आणि तरी दोन-तीन दिवस दही धरत नसेल तर दूधवाल्या दादांना गाईच्या तब्येतीबद्दल विचारून बघा.

तुमचीच पोल्ट्री असेल तर

करारावर पक्षी वाढवत असाल तर पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीकडून येतं, हे मला माहीत आहे. तरी खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा आणि सुपरवायझरला "यात अँटिबायोटिक आहे का" हे विचारा. औषध दिलंच तर तारीख वहीत लिहा आणि विथड्रॉवल पीरियड, म्हणजे शेवटच्या डोसनंतर विक्रीपर्यंत थांबायचे दिवस, पाळा. रानीखेत आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांची लस वेळेवर. लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेला भुसा, कोरडं. शेडच्या दाराशी पाय बुडवायला जंतुनाशक आणि आत जायच्या चपला वेगळ्या. एक बॅच पूर्ण गेल्यावरच पुढची आत. मर लागली तर दुकानातून अंदाजाने पुडी आणण्याआधी मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडे न्या. आणि खत शेतात टाकण्याआधी नीट कुजू द्या, ताजं लिटर मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकलं तर वरच्या सगळ्या पायऱ्या वाया.

पोट बिघडलंच तर

घरात कुठलीशी अर्धी स्ट्रिप पडलेली असते. ती खाऊ नका. बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय थांबतात. पाणी आणि क्षार भरून काढायला ओआरएस घ्या, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, थोडं-थोडं करत. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते.

शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी होणं, गुंगी, किंवा दोन-तीन दिवसांत उतार नाही, यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठा. तान्ही मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि केमोथेरपी किंवा डायलिसिसवर असलेले पेशंट यांच्यासाठी तर एवढंही थांबू नका.

डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू बशीवर वाढवून बघायची तपासणी, सांगितलं तर नमुना औषधाचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्या. लघवीचा असेल तर सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबने दिलेल्याच डबीत, आणि लगेच आणून द्या. गाडीच्या डॅशबोर्डवर तीन तास तापलेली डबी आणली की तिच्यात आजाराचा जंतू कुठला आणि वाटेत वाढलेला कुठला, हे आम्हाला ओळखता येत नाही. "सकाळी दोनच गोळ्या घेतल्यात हो" म्हणत आलेल्यांच्या बशीवर बरेचदा काहीच उगवत नाही. रिपोर्टवर "वाढ नाही" असं लिहून जातं, ताप तसाच राहतो आणि कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागतं.